शनवार तेल्यांचे सणवार : कोकणातील बेने इस्राएलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास

अलिबाग, पेण, पनवेल, रोहा आणि मुरूड या परिसरातील गावांत शतकानुशतके वस्ती करून राहिलेल्या बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाविषयी आजवर जे लेखन झाले, त्याचा मोठा भाग हे लोक कोकणच्या किनाऱ्यावर केव्हा व कोठून आले या एकाच प्रश्नावर खर्ची पडला आहे. कोणी त्यांचा संबंध इसवी सनापूर्वी आठव्या शतकात अश्शूरी आक्रमणानंतर विखुरलेल्या उत्तर इस्राएलच्या कुळांशी जोडतात, कोणी त्यांना इ.स.पू. १७५ च्या सुमाराच्या ग्रीक छळातून निसटलेले लोक मानतात, तर कोणी येमेन वा इराणातून बऱ्याच नंतर आलेले व्यापारी ठरवतात. मात्र यांपैकी एकाही मताला समकालीन लेखाचा किंवा शिलालेखाचा आधार नाही. ज्याला कागदोपत्री पुरावा आहे आणि म्हणून ज्याचा विचार अधिक फलदायी ठरतो, असा प्रश्न वेगळाच आहे : ज्या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हता, हिब्रू वाचणारा माणूस नव्हता आणि एकत्र प्रार्थना करण्याची जागाही नव्हती, त्याने आपले सण टिकवले ते कशाच्या बळावर, आणि पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेच सण ग्रंथाच्या आधाराने शिकण्याची वेळ आली तेव्हा शिकवणारे कोण होते?

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते नवगावातच पुरली गेली, आणि वाचलेल्यांची प्रजा आसपासच्या खेड्यांत पसरली. ज्या खेड्यात कुटुंब स्थिरावले त्याच्यावरून आडनाव पडले : किहीमचे किहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर. गलबतासोबत धर्माची पुस्तकेही बुडाली, असे ही कथा सांगते, आणि तिचा खरा उपयोग तेथेच आहे. कारण पुस्तके का नाहीत याचे स्पष्टीकरण देण्याची गरज पुस्तके असलेल्या यहुद्यांशी गाठ पडल्यावरच निर्माण होते. बहुसंख्य कुटुंबांचा धंदा तेलाचा होता. घाण्यावर तीळ व खोबरे गाळून तेल विकणारी ही मंडळी शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले, आणि शंकराच्या नंदीसाठी सोमवारी बैलाला विश्रांती देणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’ ठरले. आठवड्याचा सातवा दिवस विश्रांतीचा मानण्याची यहुदी आज्ञा, म्हणजेच शाब्बाथ, अशा रीतीने गावगाड्यात एका जातीची खूण म्हणून सामावली गेली. प्रत्येक जातीचे काही वेगळे नेमधर्म असणारच हे गृहीत धरणाऱ्या समाजव्यवस्थेत हा नेम कोणाला खटकला नाही, आणि तो का पाळायचा हे कोणाला पटवून देण्याची पाळीही या तेल्यांवर आली नाही.

बाहेरच्या माणसांनी केलेल्या सर्वांत जुन्या नोंदी अठराव्या शतकातल्या आहेत. मद्रासच्या सार्टोरियस या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने १७३८ मध्ये लिहिलेल्या पत्रात, पश्चिम किनाऱ्यावर स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक असून त्यांना ‘शेमा’खेरीज शास्त्राचे काही ज्ञान नाही, असे ऐकीव वृत्त आढळते. कोचीनचे धनाढ्य यहुदी व्यापारी येहेझकेल राहाबी यांनी १७६८ मध्ये ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रातही याच लोकांचा उल्लेख आहे. ते मराठी मुलखात विखुरलेले असून तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शाब्बाथला काम थांबवतात आणि शेमा म्हणतात, याहून अधिक त्यांना ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. शेमा म्हणजे ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे बायबलच्या अनुवाद या पुस्तकातील वचन, जे यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ आणि मरणसमयी उच्चारतो. कोकणात ते सुंतेच्या वेळी, लग्नात, नवस फेडताना, अंत्यविधीला, थोडक्यात प्रत्येक प्रसंगी म्हटले जाई, कारण म्हणण्यासारखे दुसरे काही ठाऊकच नव्हते. या दोन्ही पत्रांचे लेखक ग्रंथपंडित होते आणि त्यांनी समाजाला काय येत नाही तेवढेच मोजले, हे त्यांचा उपयोग करताना ध्यानात ठेवावे लागते.

समाजाला जे येत होते ते घरात होते. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शाब्बाथ, आणि खाण्यापिण्याचे निर्बंध या तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या होत्या. पर आणि खवले असलेलाच मासा खावा या नियमाची एक कथा समाजात प्रसिद्ध आहे. दावीद राहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला असता हे तेली आपलेच धर्मबंधू असावेत असा त्याला संशय आला, तेव्हा त्याने खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे एकत्र करून रांधण्यासाठी बायकांपुढे ठेवले. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि राहाबीची खात्री पटली. या राहाबीचा काळ परंपरा फार मागे, काही कथनांत तर हजार वर्षांपूर्वीपर्यंत नेते, तर अनेक अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी घालतात, आणि १७६८ च्या पत्राचा विचार करता दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. काळ कोणताही असो, कथेत परीक्षा घेतली जाते ती स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांची, पुरुषांच्या पाठांतराची नव्हे, ही गोष्ट समाजाच्या स्मृतीने अचूक टिपली आहे. राहाबीने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तीन माणसांना धर्माचे प्राथमिक शिक्षण दिले व त्यांना ‘काजी’ म्हटले जाऊ लागले, असे ही कथा पुढे सांगते. काजीपद वंशपरंपरागत असे. हे काजी गावोगाव फिरून सुंता व लग्ने लावीत आणि समाजातील तंटे तोडीत. पदाचे नाव मुसलमानी राजवटीच्या व्यवहारातून आले होते, जसे समाजप्रमुखाला ‘मुकादम’ आणि त्याच्या दुय्यमाला ‘चौगुला’ ही नावे गावच्या कारभारातून आली.

सणांची जुनी नावे आणि रीती आज ज्ञात आहेत त्या मुख्यतः हाईम शमुवेल किहिमकर यांच्यामुळे. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला, परंतु तो तेल अवीवमध्ये छापून निघायला १९३७ साल उजाडले. त्यांच्या नोंदींवरून आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील वर्णनांवरून कोकणातील वर्षाचे चित्र बरेच स्पष्ट उभे राहते. वर्षारंभ ‘नव्याचा सण’ या नावाने तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी होई. इतर यहुदी रोश हाशाना दोन दिवस पाळतात, कोकणात तो एकच दिवस असे. चौथ्या दिवशी ‘खिरीचा सण’ येई, त्यात नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली गोड खीर करून, ऊद जाळून व शेमा म्हणून ती खाल्ली जाई. दहाव्या दिवशी ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा उपास योम किप्पूर, आणि अकराव्या दिवशी ‘शिळा सण’. वसंतात ‘होळीचा सण’ म्हणजे पुरीम, त्यानंतर महिनाभराने ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणजे पेसाख किंवा वल्हांडण, आणि पावसाळ्यात ‘बिरड्याचा रोजा’, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा आव महिन्याच्या नवव्या दिवशी पाळायचा उपास. वर्षारंभाआधीचा एलूल महिना पश्चात्तापाचा, त्यात उपास करण्याची रीत होती आणि त्याला चक्क ‘रमजान’ म्हणत.

यांतील दारफाळणीच्या दिवसाकडे जवळून पाहिले तर घरच्या धर्माची रीत कळते. आदल्या दिवशी सर्वांनी स्नान करायचे, पांढरे कपडे घालायचे, दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकायचे, आणि मग दारे लावून घेऊन दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत अन्नपाण्यावाचून घरातच राहायचे. परजातीच्या माणसाशी बोलायचे नाही, कोणाला शिवायचे नाही, हाक आली तरी दार उघडायचे नाही. पूर्वजांचे आत्मे या रात्री घरी येतात आणि शिळ्या सणाच्या पहाटे परत जातात अशी समजूत होती. शिळ्या सणाला दारे उघडत, गोडधोड होई, गरिबांना दानधर्म केला जाई आणि नातेवाईक एकमेकांकडे जात. यहुदी शास्त्रात या अकराव्या दिवसाला काहीच स्थान नाही. उलट भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना जेवू घालणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या लोकांनी, महिन्याचा हिशेब पाहता सर्वपित्री अमावास्येनंतर दहा-अकरा दिवसांनी येणाऱ्या या सणात, पूर्वजांना सामावून घेतले असावे असे म्हणणे अवाजवी होणार नाही. योम किप्पूरच्या सायंप्रार्थनेला ‘नेईला’, म्हणजे स्वर्गाची द्वारे बंद होण्याची वेळ, म्हणतात. तिच्याशी दारफाळणीचे साम्य आहे खरे, पण ज्यांना ती प्रार्थना माहीतच नव्हती त्यांच्या बाबतीत हे साम्य योगायोगाचेही असू शकते.

कालगणनेचे कोडे त्या मानाने सोपे आहे. हिब्रू पंचांग आणि मराठी पंचांग ही दोन्ही चांद्र महिन्यांची असून सौर वर्षाशी मेळ राखण्यासाठी दोन्हींत एकोणीस वर्षांत साधारण सात अधिक महिने घातले जातात. तिश्रीचा पहिला दिवस आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पडतो, त्यामुळे योम किप्पूर दसऱ्याजवळ येतो. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेला आणि पेसाख चैत्री पौर्णिमेला लागून असतो. २०२४ मध्ये रोश हाशाना आणि घटस्थापना ३ ऑक्टोबर या एकाच दिवशी होती, योम किप्पूर आणि दसरा १२ ऑक्टोबरला. परंतु अधिक महिना दोन्ही पंचांगांत एकाच वेळी पडत नाही. २०२३ मध्ये मराठी पंचांगात श्रावण अधिक होता, त्या वर्षी रोश हाशाना १६ सप्टेंबरला आणि घटस्थापना १५ ऑक्टोबरला आली. हिब्रू पंचांगाचे गणित अवगत नसलेल्या खेड्यांतील बेने इस्राएलांनी शेजाऱ्यांच्या तिथीवरूनच आपले सण धरले असल्यास वर्षानुवर्षे त्यांचा सण जगातील यहुद्यांशी जुळे आणि मधूनच महिनाभराने चुके. पुरीमला होळीचा सण म्हणणे हे या दृष्टीने अनुकरण कमी आणि दिवस ओळखण्याची खूण अधिक होती. त्या दिवशी पुरणपोळी होई, आणि एस्तेर राणीने इराणच्या दरबारात आपल्या लोकांचा जीव वाचवला ही पुरीमची मूळ कथा पुस्तकातून वाचली जाऊ लागली ती फार पुढे.

स्वयंपाकघर या सणांची स्मृती कशी वाहत होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे बिरड्याचा रोजा. आव महिन्याच्या आरंभापासून मांस वर्ज्य केले जाई आणि नवव्या दिवसाचा उपास वालाच्या बिरड्याने सुटे. वाल भिजत घालून, मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेले बिरडे हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील घराघरांत पावसाळ्यात होणारे कालवण. सुतकात कडधान्य खाण्याची रीत मात्र यहुद्यांमध्ये जगभर आहे, आणि मसुराच्या जागी कोकणात वाल आला एवढाच फरक. पेसाखची गोष्ट याच्या उलट आहे. मिसरच्या गुलामीतून सुटताना पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही म्हणून आठ दिवस खमीर घातलेले काही खायचे नाही, घरात ठेवायचेही नाही, हा त्या सणाचा गाभा. पण तांदळाची भाकरी खाणाऱ्या घरात रोजची भाकर मुळातच बेखमीर असते, तेव्हा खमीर काढायचे ते कशातून? सणाच्या नावाचा अर्थ आंबट रसाचे मडके झाकून ठेवणे असा लावला जातो, आणि त्यावरून कोकणी गृहिणीने आंबवणाची बंदी आपल्या घरात जी एक गोष्ट खरोखर आंबत होती तिला लागू केली असे दिसते. सणाआधी घराला सफेदी आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई केली जाई. मिसरच्या सुटकेची कथा सांगणारे हाग्गादा हे पुस्तक आणि ते वाचत करायचे सेदर नावाचे विधिपूर्वक भोजन यांचा या काळात मागमूस नव्हता.

किहिमकरांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या अभ्यासकांनी या नावांची विभागणी थरांमध्ये केली : मराठी नावांचे सण सर्वांत जुने, ‘रोजा’ जोडलेली नावे मुसलमानी राजवटीतील किंवा राहाबीच्या शिकवणुकीतील, आणि शाबुओथ, सिम्हत तोरा, हनुका यांसारखी केवळ हिब्रू नावे असलेले सण एकोणिसाव्या शतकातील. ही मांडणी सोयीची आहे, पण तिच्यावरून जे निष्कर्ष काढले गेले ते तितकेसे पक्के नाहीत. हनुका हा सण इ.स.पू. १६४ मध्ये यरुशलेमचे मंदिर शुद्ध करून घेतल्याच्या स्मरणार्थ सुरू झाला. बेने इस्राएलांना तो ठाऊक नव्हता, त्या अर्थी त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. परंतु शाबुओथ हा कापणीचा सण तर खुद्द तोरा ग्रंथात, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथात, सांगितलेला आहे आणि त्यालाही रुळलेले जुने मराठी नाव दिसत नाही. मग हनुकाच्या अनुपस्थितीवरून प्रस्थानाचे वर्ष काढणे कितपत टिकते? ज्या सणाला घरातले ठळक कृत्य नव्हते, उपास, विशिष्ट पदार्थ किंवा दार लावून बसणे यांसारखे, तो विसरला गेला, एवढेच यातून फार तर सिद्ध होते.

पुस्तकी धर्माकडे जाणारी वाट इंग्रजांच्या फौजेतून निघाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल तरुण मोठ्या संख्येने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या पलटणींत भरती झाले आणि कुटुंबे खेड्यांतून मुंबईत येऊ लागली. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल येहेझकेल दिवेकर असेही म्हणतात, हे दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडले. बेने इस्राएल हे नाव कुराणात आदराने येते हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले, अशी कथा आहे. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, असेही सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईच्या मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. त्याचे हिब्रू नाव शाआर हाराहामीम, म्हणजे ‘दयेचे द्वार’. पण समाजात आणि शहरात ते ‘मशीद’ या नावानेच ओळखले गेले, आणि दुसरी झाल्यावर ‘जुनी मशीद’. जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगितले जाते. मंदिर झाले, तरी त्यात वाचण्यासाठी सेफर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली पंचग्रंथाची गुंडाळी, नव्हती. ती आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच मरण पावले.

कोचीनहून पुढे आली ती माणसे. १८२६ पासून मिखाएल व अब्राहाम सारगोन, दावीद बारूख राहाबी आदी कोचीनचे यहुदी मुंबईत व कोकणात शिकवू लागले, आणि त्यांच्यामागून आलेल्या शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाजात विशेष आदराने घेतले जाते. शुर्राबी पुस्तकबांधणीवर गुजराण करीत, प्रार्थना चालवणारा हजान म्हणून सेवा करीत आणि उरलेल्या वेळात मुलांना व प्रौढांना हिब्रू अक्षरे, प्रार्थनांच्या चाली व सणांचे विधी शिकवीत. पुढच्या दशकांत रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे सिनेगॉगे उभी राहिली. अलिबागचे १८४८ मधले, पनवेलचे १८४९ मधले. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात हा नियम आला, आणि योम किप्पूरला दारे लावून घरात बसणारी माणसे पांढरे कपडे घालून दिवसभर मशिदीत बसू लागली. सणाचे केंद्र घरातून मंदिरात आणि स्त्रियांकडून पुरुषांकडे सरकले, हा बदल सुधारणेच्या इतिहासात क्वचितच नोंदला गेला आहे. काजी घराण्यांचेही महत्त्व ओसरले, कारण वंशाने मिळालेल्या अधिकारापेक्षा वाचता येण्याला आता मोल आले.

शिक्षकांचा आणखी एक वर्ग होता आणि त्याचा हेतू निराळा होता. मुंबईत १८१३ पासून काम करणारे अमेरिकन मिशनरी आणि १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांना बेने इस्राएलांमध्ये ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराला अनुकूल भूमी दिसली. अमेरिकन मिशनने कोकणातही शाळा काढल्या आणि त्यांत बेने इस्राएल शिक्षक नेमले. विल्सन यांनी १८३२ मध्ये खास या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. जुन्या कराराचे मराठी भाग याच मंडळींनी प्रसिद्ध केले, आणि अब्राहाम, मोशे, एस्तेर यांच्या कथा समाजातील सर्वसामान्य माणसाने पहिल्यांदा वाचल्या त्या या भाषांतरांत. धर्मांतर मात्र नगण्य झाले. आपण शनिवार का पाळतो आणि डुक्कर का खात नाही याचे लेखी कारण हाती आल्यावर माणसे आपल्या धर्मात अधिक घट्ट झाली, आणि मिशनऱ्यांच्या खर्चाने यहुदी धर्माचे पुनरुज्जीवन झाले, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

त्यानंतर मुद्रणाचे युग आले. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हाग्गादा निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यात दुसरी सचित्र आवृत्ती छापली गेली, जिच्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या स्त्रिया पेसाखची बेखमीर भाकर तयार करताना दाखवल्या आहेत. सेदरचे भोजन प्रत्यक्षात आले ते अशा पुस्तकांमुळे. दारू न पिणाऱ्या घरांत किंवा शुद्ध द्राक्षमद्य न मिळणाऱ्या गावांत आशीर्वादाच्या पेल्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून व गाळून सरबत केले जाई, आणि ती पद्धत अजून चालू आहे. जोसेफ येहेझकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. मुंबईचे यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत हिब्रूला स्थान मिळवून देण्यातही त्यांचा वाटा होता. किहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू केली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली.

ग्रंथ वाचता न येणाऱ्यांसाठी १८८० च्या सुमारास एक वेगळेच साधन पुढे आले. हरिदासांची कीर्तने ऐकून काही बेने इस्राएल तरुणांनी त्याच बांधणीत आपल्या धर्मपुरुषांची कीर्तने रचली आणि त्यांच्या प्रसारासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. ओवी, साकी, दिंडी, आर्या अशी वृत्ते आणि चाली, मध्ये गद्य निरूपण, साथीला टाळ, तबला व पेटी. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे किंवा एस्तेरचे. हिब्रू न जाणणाऱ्या स्त्रियांना आणि मुलांना सणामागची कथा कळली ती अशा रात्रींना, सिनेगॉगच्या पठणातून नव्हे. मराठी संस्कृतीपासून दूर जाणारी वाटणारी यहुदीकरणाची प्रक्रिया तिच्या ऐन भरात मराठीच्याच एका जुन्या कलाप्रकाराचा आश्रय घेते, हे या इतिहासाचे सर्वांत वेधक प्रकरण होय.

सुधारणेच्या रेट्यात सर्वांत चिवट ठरला तो मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलची व सुकामेवा कालवून ताटात रास करायची, भोवती पाच प्रकारची फळे मांडायची, त्यांत केळी व खजूर असतातच, शेजारी गुलाब किंवा सब्जाची डहाळी ठेवायची, आणि प्रेषित एलियाहू हानाबीच्या नावाने गीत म्हणून प्रत्येक जिन्नस आशीर्वाद देत वाटायचा : झाडाच्या फळासाठी एक आशीर्वाद, जमिनीतून उगवणाऱ्या फळासाठी दुसरा, सुगंधासाठी तिसरा. लग्नाआधी, बाळंतपणानंतर, नवे घर घेताना, परदेशी जाताना, नवस फिटल्यावर मलिदा होतो. मलिदा हे नाव आणि नवसाची पद्धत पिरांना असाच नैवेद्य देणाऱ्या शेजाऱ्यांशी नाते सांगते, तर आशीर्वादांचा क्रम काटेकोर यहुदी आहे. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावाजवळ एका खडकावरील खुणा एलियाहूच्या रथाच्या व घोड्यांच्या मानल्या जातात, आणि स्वर्गारोहणाच्या वेळी तो येथे थांबला अशी श्रद्धा आहे. शेवाट महिन्याची पंधरावी तिथी इतर यहुद्यांसाठी वृक्षांचा नववर्षदिन असते; कोकणात तो दिवस ‘एलियाहू हानाबीचा उरूस’ झाला आणि त्या दिवशी खंडाळ्याला मलिदा होऊ लागला.

विसाव्या शतकात शिकण्याचा अर्थ पुन्हा बदलला. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था निघाली, कारण पाठ केलेल्या हिब्रूपेक्षा समजणाऱ्या भाषेतील प्रार्थना हवी असे वाटणारी सुशिक्षित पिढी तयार झाली होती. १९५० च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० असलेल्या बेने इस्राएलांपैकी बहुतेक पुढील दशकांत इस्राएलला गेले, आणि तेथे धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी, या समाजाला घटस्फोट व विवाह यांविषयीचे रब्बींचे, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचे, नियम ठाऊक नव्हते या कारणावरून, त्यांच्या लग्नांसाठी पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. दोन शतके शिकून झाल्यावरही न शिकल्याचा ठपका आला. धरणे आणि निदर्शने झाली, ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि नंतर तो आदेश मागे घेतला गेला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तेव्हा राज्यात त्यांची संख्या काही हजारांवर आली होती.

जुन्या सणांपैकी काय उरले हे पाहिले तर एक भेद स्पष्ट दिसतो. खिरीचा सण आणि शिळा सण हे ठरावीक तिथीला बांधलेले होते. छापील हिब्रू पंचांगात त्या तिथींना जागा नसल्यामुळे ते स्वतंत्र सण म्हणून मागे पडले, आणि खिरीची जागा नववर्षाच्या ताटात गव्हाचा चीक व नारळाचा रस आटवून केलेल्या हलव्याने घेतली. मलिदा तिथीवर अवलंबून नव्हता. तो लग्न, जन्म आणि नवस यांना जोडलेला होता, आणि ही निमित्ते कोणत्याही पंचांगात खोडता येत नाहीत. आज अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना या इस्राएलमधील शहरांत मराठी कुटुंबे लग्नापूर्वी मेंदीच्या आसपास पोह्यांचा मलिदा करतात, हायफाच्या डोंगरातील एलियाहूच्या गुहेत नवस फेडायला जातात, आणि तेथे जन्मलेल्या मुलांना आशीर्वादांचा क्रम सांगण्याचे काम पुन्हा घरातल्या आज्यांकडे आले आहे.